जीपच्या पोटातले दुसरे इंजिन

जीप हे वाहन आपल्याकडे शहरांपेक्षा खेड्यांना जास्त परिचयाचे आहे. गटविकास अधिकाऱ्यांची जीप, पोलिसांची जीप, निवडणुकीच्या प्रचाराची जीप आणि पश्चिम महाराष्ट्रात 'वडाप' या नावाने ओळखली जाणारी, मागच्या फळीवरही माणसे उभी राहिलेली जीप. दिसायला या साऱ्या जीपा जवळजवळ सारख्या. पण जुन्या जाणत्या चालकाला डोळे मिटून उभे केले, तरी तो केवळ आवाजावरून त्यांचे दोन गट पाडून दाखवील. एका गटातील इंजिन सलग गुरगुरते, दुसऱ्या गटातील इंजिन धडधडते. पहिले पेट्रोलचे, दुसरे डिझेलचे. या दुसऱ्या गटातल्या बऱ्याच जीपा जन्माला आल्या त्या पेट्रोल इंजिन घेऊन. पुढे केव्हातरी एखाद्या गॅरेजमध्ये त्यांचे मूळचे इंजिन उतरवले गेले आणि त्या जागी दुसरे बसवले गेले.

वाहन बनवणाऱ्यांनी विचारपूर्वक निवडलेले इंजिन काढून दुसरे बसवण्याचा हा खटाटोप लोकांनी का केला? कोणालाही विचारा, उत्तर ठरलेले असते: "डिझेलला ताकद जास्त." हे उत्तर अर्धेच खरे आहे. जुन्या जीपांच्या बाबतीत तर ते बहुतांशी चूकच आहे. खरे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला थोडा इतिहास, थोडे भौतिकशास्त्र आणि थोडे अर्थशास्त्र अशा तीन वाटांनी जावे लागेल.

वजनाच्या काट्यावर जन्मलेली गाडी

जुलै १९४० मध्ये अमेरिकी लष्कराने १३५ कंपन्यांकडे एका छोट्या टेहळणी वाहनाची मागणी नोंदवली. चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळाला पाहिजे, पहिली गाडी ४९ दिवसांत तयार झाली पाहिजे आणि तिचे वजन १३०० पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे ५९० किलोग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये, अशा अटी होत्या. इंजिनाने किमान ८५ फूट-पौंड टॉर्क दिला पाहिजे, अशीही एक अट होती. टॉर्क म्हणजे फिरवणारा जोर. पान्याने नट पिळताना आपण जो लावतो तोच. आजच्या एककांत ही अट सुमारे ११५ न्यूटन-मीटरची होते.

बॅन्टम या लहानशा कंपनीने कार्ल प्रोब्स्ट या अभियंत्याच्या मदतीने सप्टेंबर १९४० मध्ये पहिली गाडी मुदतीत हजर केली. वजनाची अट मात्र कोणालाच पाळता आली नाही. लष्कराला ती सैल करून २१६० पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे ९८० किलोग्रॅमपर्यंत न्यावी लागली. विलीज कंपनीची गाडी याही मर्यादेपेक्षा जड भरत होती. पण तिच्याकडे एक हुकमी पत्ता होता, तो म्हणजे तिचे इंजिन. बार्नी रूस या तिच्या मुख्य अभियंत्याने एका जुन्या ४८ अश्वशक्तीच्या इंजिनात सुधारणा करून त्यातून ६० अश्वशक्ती मिळवली होती आणि टॉर्क १०५ फूट-पौंड, म्हणजे सुमारे १४२ न्यूटन-मीटर. हे इंजिन सोडणे परवडणारे नव्हते. म्हणून रूसच्या चमूने बाकीच्या गाडीचे वजन कमी केले. बोल्टची जादा लांबीसुद्धा कापून टाकली.

हे सविस्तर सांगण्याचे कारण असे, की जीपची सगळी बांधणी या एका पेट्रोल इंजिनाभोवती झालेली आहे. चासीची जाडी, कमानपाट्यांची ताकद, गिअरपेटी, रेडिएटर, मागच्या-पुढच्या धुऱ्यांमधील दातेरी चाकांचे गुणोत्तर, हे सारे २.२ लिटरच्या आणि मिनिटाला ४००० फेऱ्यांपर्यंत पळणाऱ्या इंजिनाशी जुळवून ठरवलेले होते. युद्ध संपेपर्यंत विलीज आणि फोर्ड यांनी मिळून अशा सहा लाखांहून अधिक गाड्या तयार केल्या.

त्या वेळी डिझेल इंजिन उपलब्ध नव्हते असे नाही. पण तेवढ्याच अश्वशक्तीचे डिझेल इंजिन पेट्रोल इंजिनापेक्षा बरेच जड असे. जिथे बोल्टची टोके कापून ग्रॅम-ग्रॅम वाचवला जात होता, तिथे त्याचा विचार होणे शक्य नव्हते. हे इंजिन इतके जड का असते?

ठिणगीवाचून पेटणारे इंजिन

सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने दाबून धरा आणि दांडा जोरजोराने दाबा. पंपाचे टोक गरम लागते. हवा झटकन दाबली की तिचे तापमान वाढते. वर्गात सहज दाखवता येणाऱ्या या प्रयोगात डिझेल इंजिनाचे सारे मर्म आहे. आग्नेय आशियातील काही लोक तर नळीत दट्ट्या झटक्याने मारून, तळाशी ठेवलेला कापूस पेटवण्याची युक्ती फार पूर्वीपासून वापरत होते.

आता थोडे गणित करू. हवा उष्णता बाहेर न जाऊ देता दाबली, तर तिचे केल्विनमधील तापमान संपीडन गुणोत्तराच्या ०.४ व्या घाताच्या पटीत वाढते आणि दाब १.४ व्या घाताच्या पटीत. जुन्या जीपच्या पेट्रोल इंजिनाचे संपीडन गुणोत्तर सुमारे ६.५ होते. ६.५ चा ०.४ वा घात २.१ येतो. म्हणजे ३०० केल्विन तापमानाची हवा ६३० केल्विनच्या आसपास जाईल आणि दाब वातावरणाच्या सुमारे १४ पट होईल. पेट्रोल पेटवायला येथे ठिणगी लागते. डिझेल इंजिनात हे गुणोत्तर २० च्या आसपास असते. २० चा ०.४ वा घात ३.३. म्हणजे तापमान सुमारे १००० केल्विन, आपल्या नेहमीच्या मापाने ७०० अंश सेल्सिअसहून अधिक, आणि दाब वातावरणाच्या ६६ पट. अशा हवेत डिझेलचा बारीक फवारा मारला, की ते आपोआप पेटते. प्रत्यक्षात काही उष्णता सिलिंडरच्या भिंतींतून निघून जाते, त्यामुळे आकडे थोडे कमी येतात. पण मुद्दा तोच राहतो.

१४ पट आणि ६६ पट या दोन आकड्यांतच डिझेल इंजिनाच्या वजनाचे कारण आहे. एवढा दाब, आणि ज्वलनानंतर त्याहूनही जास्त, सोसायचा तर सिलिंडरचा ठोकळा, त्यावरचे हेड, दट्ट्या, क्रँक हे सारे जाडजूड हवे. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९२ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि १८९७ मध्ये जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे त्यांच्या इंजिनाची जाहीर चाचणी झाली. ते इंजिन पुरुषभर उंचीच्याही वर जाणारे, काही टन वजनाचे होते आणि शक्ती द्यायचे जेमतेम २० अश्वशक्तीच्या आसपास. पण त्याची कार्यक्षमता २६ टक्के भरली. त्या काळची वाफेची इंजिने कोळशातली जेवढी ऊर्जा कामी लावत, त्याच्या कितीतरी पट ही होती.

म्हणजे पहिल्या दिवसापासून डिझेल इंजिनाचा गुण काटकसर हा होता. दोष होता वजन. पुढच्या ४० वर्षांचा इतिहास म्हणजे हा दोष कमी करण्याचा इतिहास आहे. १९२७ मध्ये रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीने इंधन मोजून, ठरल्या क्षणी फवारणारा छोटा पंप बाजारात आणण्याची तयारी पूर्ण केली. आपले मेस्त्री ज्याला 'पंप-नोझल' म्हणतात त्याचा हा पूर्वज. १९३२ मध्ये इंग्लंडमधील पीटरबरो येथे फ्रँक पर्किन्स यांनी हलकी, वेगाने फिरणारी डिझेल इंजिने बनवणारी कंपनी काढली. पेट्रोलवर चालणाऱ्या मालमोटारींमध्ये आपले इंजिन बसावे हा तिचा एक मुख्य हेतूच होता. तेव्हा इंजिन बदलणे ही काही गॅरेजवाल्यांची क्लृप्ती नव्हे. डिझेल इंजिन रस्त्यावर आले तेच मुळी बऱ्याच अंशी दुसऱ्याच्या जागी बसून. पुढे १९५० च्या दशकात मद्रासच्या सिम्पसन कंपनीने पर्किन्सची इंजिने भारतातही बनवायला घेतली.

दोन इंचांची गोष्ट

आता 'ताकद जास्त' या समजुतीकडे वळू. जीपवरूनच स्फूर्ती घेऊन इंग्लंडमधील रोव्हर कंपनीने १९४८ मध्ये लँड रोव्हर ही गाडी आणली. शेतकऱ्यांमध्ये ती लोकप्रिय झाली, पण शेतावरच्या ट्रॅक्टरसाठी डिझेल आणि गाडीसाठी पेट्रोल अशी दोन इंधने साठवणे त्यांना गैरसोयीचे होई. म्हणून कंपनीने १९५७ मध्ये दोन लिटरचे डिझेल इंजिन देऊ केले.

या दोन इंजिनांचे आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. दोन लिटर पेट्रोल इंजिन: ५२ अश्वशक्ती, टॉर्क १०१ फूट-पौंड, म्हणजे सुमारे १३७ न्यूटन-मीटर. दोन लिटर डिझेल इंजिन: अश्वशक्ती जवळजवळ तेवढीच आणि टॉर्क ८७ फूट-पौंड, म्हणजे सुमारे ११८ न्यूटन-मीटर. डिझेलचा टॉर्क कमीच होता! आणि हे स्वाभाविक आहे. दोन्ही इंजिने प्रत्येक फेरीला सारखीच हवा आत ओढतात. डिझेल इंजिनात फवाऱ्याला हवेशी मिसळायला वेळ अपुरा पडतो, त्यामुळे आत आलेली सारी हवा जाळता येत नाही. तसा प्रयत्न केला तर काळा धूर निघतो. मग त्याच आकारमानातून जास्त जोर येणार कोठून?

'ताकद' वाटते ती वेगळ्या कारणाने. डिझेल इंजिन सहसा कमी फेऱ्यांवर काम करण्यासाठी बांधलेले असते आणि त्याचा जोर त्या पट्ट्यात फारसा कमी-जास्त होत नाही. त्याला गव्हर्नर हा लगाम असतो, तो चढ लागताच इंधन आपोआप वाढवतो. त्यामुळे चिखलात किंवा चढावर, पाय न हलवताही ते सहसा बंद पडत नाही. चालकाला याचाच अर्थ ताकद असा वाटतो.

याच लँड रोव्हरच्या इतिहासात एक छोटा पण बोलका तपशील आहे. १९५६ मध्ये कंपनीने आपल्या गाड्यांच्या पुढच्या-मागच्या चाकांमधील अंतर ८६ इंचांवरून ८८ आणि १०७ वरून १०९ इंच केले. हे दोन इंच कशासाठी? येऊ घातलेले डिझेल इंजिन मावावे म्हणून. ज्या कारखान्याकडे आराखडे होते आणि साचे होते, त्यालाही गाडी ताणल्याशिवाय इंजिन बदलता आले नाही. गॅरेजमधल्या मेस्त्रीकडे तर गाडी होती तेवढीच होती.

माझगाव ते इगतपुरी

आता मुंबईकडे येऊ. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या 'महिंद्र अँड मोहम्मद' या कंपनीचे १९४८ मध्ये 'महिंद्र अँड महिंद्र' असे नामांतर झाले. त्याच सुमारास या कंपनीने विलीज जीपचे सुटे भाग आणून माझगाव येथे त्या जोडायला सुरुवात केली. पुढे एकेक भाग भारतात बनू लागला. उंच बॉनेटची 'सीजे ३ बी' ही जीप तर अमेरिकेत बंद पडल्यावरही आपल्याकडे अनेक वर्षे बनत राहिली. तिचे इंजिन पेट्रोलचेच, विलीजच्या मूळ इंजिनाचे सुधारलेले भावंड होते.

१९६३ मध्ये याच उद्योगसमूहाने इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकी कंपनीच्या सहकार्याने ट्रॅक्टर बनवणारी कंपनी काढली. तिच्या बी-२७५ या ट्रॅक्टरचे इंजिन ३५ अश्वशक्तीचे, सुमारे २३५० घन सेंटिमीटरचे होते. एका घरात आता दोन इंजिने नांदू लागली: जीपचे पेट्रोल इंजिन आणि ट्रॅक्टरचे डिझेल इंजिन.

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्राएल युद्धाच्या पाठोपाठ तेलाचा पुरवठा आखडला गेला आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाची किंमत सुमारे चौपट झाली. भारतात पेट्रोल ही श्रीमंतांची गरज मानून त्यावर जास्त कर आणि डिझेल हे शेतीचे व मालवाहतुकीचे इंधन मानून त्यावर कमी कर, असे धोरण होते. १९९० च्या दशकात तर डिझेलचा भाव पेट्रोलच्या निम्म्याच्या आसपास, कधी त्याहूनही कमी असे.

या फरकाचा अर्थ एका उदाहरणाने पाहू. समजा, पेट्रोल जीप लिटरला ८ किलोमीटर चालते आणि डिझेल जीप १२. डिझेल जीप जास्त का चालते, याची तीन कारणे आहेत. संपीडन जास्त असल्याने कार्यक्षमता जास्त, एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे दहा-बारा टक्के जास्त ऊर्जा, आणि डिझेल इंजिनात हवेची वाट अडवणारी झडप नसल्याने कमी भारावर होणारी नासाडी कमी. तर १०० किलोमीटरला पेट्रोल लागेल १२.५ लिटर आणि डिझेल ८.३ लिटर. त्यात डिझेलचा भाव निम्मा धरला, तर खर्च तिसऱ्या हिश्श्यावर येतो! रोज शे-दीडशे किलोमीटर फिरणाऱ्या वडापवाल्याला आणखी काही पटवून देण्याची गरज नव्हती.

जे गिऱ्हाइकाला कळले ते कारखान्यालाही कळले. १९७० च्या दशकात महिंद्रने ट्रॅक्टरच्या घराण्यातले डिझेल इंजिन जीपमध्ये बसवायला सुरुवात केली. १९७९ मध्ये प्युजो या फ्रेंच कंपनीच्या 'एक्सडीपी ४.९०' या मोटारीसाठी बनवलेल्या डिझेल इंजिनाचा परवाना कंपनीने घेतला. पुढे नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी हे या कंपनीचे इंजिने बनवण्याचे एक ठिकाण झाले.

या इंजिनाच्या नावातच त्याचे माप आहे: चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर. दट्ट्याची धाव ८३ मिलिमीटर. वृत्तचितीच्या घनफळाचे सूत्र वापरून विद्यार्थ्यांना त्याचे आकारमान काढायला सांगावे: २११२ घन सेंटिमीटर. आता जीपच्या मूळ इंजिनाचे काढा: व्यास ७९.४, धाव १११.१ मिलिमीटर. उत्तर २२०० च्या आसपास येते. आकारमान जवळजवळ तेच, पण एकाची धाव व्यासापेक्षा लांब, दुसऱ्याची आखूड.

गॅरेजमधली प्रयोगशाळा

ज्यांच्याकडे जुनी पेट्रोल जीप होती, त्यांना नवी डिझेल जीप घेणे परवडत नव्हते. त्यांनी गॅरेजची वाट धरली. कोणी ट्रॅक्टरचे इंजिन आणले, कोणी अपघातात मोडलेल्या मॅटाडोरचे. यातले एक इंजिन तर मोठ्या घराण्यातले होते. बजाज टेंपोने १९८० च्या दशकात परवाना घेऊन बनवलेले 'ओएम ६१६' हे इंजिन मूळचे जर्मनीतील मर्सिडीज मोटारीचे. त्याला आपल्याकडे 'मॅटाडोरचे इंजिन' म्हणूनच ओळख मिळाली. ॲम्बेसेडर टॅक्सीपासून जीपपर्यंत अनेकांच्या पोटात ते जाऊन बसले.

इंजिन बदलणे म्हणजे जुने उतरवून नवे ठेवणे एवढेच असते तर हा लेख येथेच संपला असता. प्रत्यक्षात एक भाग बदलताच सारी गाडी प्रश्न विचारू लागते.

पहिला प्रश्न जोडणीचा. नव्या इंजिनाच्या मागची भोके आणि जुन्या गिअरपेटीच्या पुढची भोके जुळत नाहीत. मग मधे एक जाड लोखंडी प्लेट कातून बसवावी लागते. ती केसभर जरी एकीकडे सरकली, तरी इंजिनाचा अक्ष आणि गिअरपेटीचा अक्ष एका रेषेत राहत नाहीत आणि बेअरिंग लवकर खराब होते. हे काम करणारा टर्नर भूमिती शाळेत शिकलेला असो वा नसो, समकेंद्री वर्तुळे त्याला कळलेली असतात.

दुसरा प्रश्न कंपनाचा. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेरीला दोन स्फोट होतात. मिनिटाला ७०० फेऱ्या, म्हणजे सेकंदाला सुमारे २३ धक्के. डिझेलचे धक्के दणकट असतात. चासीच्या एखाद्या भागाची नैसर्गिक वारंवारता याच्या जवळपास असली, तर अनुस्पंदनाने तो भाग थरथरत राहतो आणि काही महिन्यांत वेल्डिंग तडकते. म्हणून इंजिनाखालच्या रबरांची निवड महत्त्वाची.

तिसरा प्रश्न निर्वाताचा, आणि तो सर्वांत मौजेचा आहे. पेट्रोल इंजिनात पाय उचलला की हवेची वाट झडपेने बंद होते आणि इंजिन ओढत राहिल्याने नळीत निर्वात तयार होतो. जुन्या काही जीपांचे वायपर या निर्वातावर चालत आणि अनेक मोटारींच्या ब्रेकला त्याचीच मदत मिळे. बहुतेक डिझेल इंजिनांत ही झडपच नाही, म्हणून निर्वातही नाही. तेव्हा वायपरला विजेची मोटर आणि ब्रेकसाठी वेगळा निर्वात पंप बसवावा लागतो. ज्याने हा पंप वगळून पैसे वाचवले, त्याला त्याची किंमत घाटाच्या उतारावर कळली असणार.

चौथा प्रश्न बंद करण्याचा. पेट्रोल इंजिनाची किल्ली फिरवली की ठिणगी थांबते. डिझेलला ठिणगीच नाही, त्यामुळे किल्ली काढून खिशात घातली तरी इंजिन चालूच राहील. त्याचे इंधन तोडावे लागते. त्यासाठी ओढायची तार बसवावी लागते. शिवाय पंपापासून टाकीकडे जादा डिझेल परत नेणारी नळी हवी, हिवाळ्यात सुरू होण्यासाठी हीटर प्लग हवेत आणि २० पट संपीडनाविरुद्ध इंजिन फिरवायला मोठी बॅटरी हवी.

पाचवा प्रश्न वेगाचा. तो आकड्यांत पाहू. सीजे ३ बी जीपच्या धुऱ्यातील गुणोत्तर ५.३८ होते, म्हणजे वरच्या गिअरमध्ये इंजिनाच्या ५.३८ फेऱ्यांना चाकाची एक फेरी. चाकाचा परीघ सुमारे २.२ मीटर. इंजिन ४००० फेऱ्यांवर असेल तर वेग येतो ताशी ९८ किलोमीटर. आता २५०० फेऱ्यांवर लगाम असलेले डिझेल इंजिन बसवले असे धरा. वेग उतरतो ताशी ६१ किलोमीटरवर. इंजिनाची शक्ती कमी नाही, तरी गाडी पळत नाही! मग धुऱ्यातील क्राऊन-पिनियनची जोडी बदलून गुणोत्तर कमी करावे लागते. ४.२७ केले तर वेग ७७ वर जातो. पण तेवढ्या प्रमाणात चाकापर्यंत पोचणारा टॉर्क घटतो. डिझेलचा 'जोर' हवा म्हणून इंजिन बदलले आणि वेगासाठी तोच जोर परत द्यावा लागला, असा हा व्यवहार आहे.

हवा कोंबण्याचा काळ

डिझेलची ताकद खरोखर वाढली ती टर्बोचार्जर सर्रास वापरात आल्यावर. बाहेर जाणाऱ्या धुराच्या झोताने एक चक्र फिरते आणि ते चक्र दुसऱ्या टोकाला हवा दाबून आत कोंबते. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त जाळता येते. १९८९ मध्ये लँड रोव्हर कंपनीने '२०० टीडीआय' हे अडीच लिटरचे असे इंजिन आणले. टॉर्क २६५ न्यूटन-मीटर! १९५७ च्या इंजिनाच्या दुपटीहून अधिक.

ज्या गाड्यांमध्ये हे इंजिन होते, त्यांचे पत्रे इंग्लंडच्या दमट हवेत गंजून गेले, पण इंजिने शाबूत राहिली. मग तेथील हौशी लोकांनी ती काढून आपल्या २५-३० वर्षांच्या जुन्या लँड रोव्हरमध्ये बसवायला सुरुवात केली. येथे प्रश्न उलटा झाला. जुन्या गाडीचे सव्वादोन लिटरचे पेट्रोल इंजिन सुमारे १६८ न्यूटन-मीटर टॉर्क देई आणि तिची गिअरपेटी व चाकांचे शाफ्ट तेवढ्याच्याच बेताने बनवलेले होते. आता त्यांच्यावर दीडपटीहून जास्त पीळ येऊ लागला. पाय सांभाळून चालवणाऱ्याचे निभावले, बाकीच्यांचे शाफ्ट तुटले. साखळीची सर्वांत दुबळी कडी कोणती हे साखळी ताणल्यावर कळते. इंजिन हे ताणण्याचेच साधन आहे.

बचत कोणाची, किंमत कोणाची

गाडीत एका ठिकाणी मिळवलेले दुसऱ्या ठिकाणी कोठेतरी द्यावे लागते, हे वरच्या प्रत्येक प्रश्नात दिसले. हाच हिशोब गाडीच्या बाहेरही लागू आहे.

स्वस्त डिझेल हे शेतकऱ्याच्या पंपासाठी आणि धान्याच्या मालमोटारीसाठी होते. ते जीपवाल्याने वापरले, टॅक्सीने वापरले आणि पुढे महागड्या मोटारींनीही वापरले. भावातला फरक कोणीतरी भरतच होते. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे भाव सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले आणि दोन इंधनांमधील अंतर पूर्वीसारखे राहिले नाही.

दुसरी किंमत धुराची. पंप झिजलेला, नोझल ठिबकणारे, आणि चढावर जोर मिळावा म्हणून पंपाचा स्क्रू जरा जास्त पिळलेला. अशा इंजिनातून न जळलेल्या कार्बनचे सूक्ष्म कण बाहेर पडतात. वाहनांच्या धुरावर भारतात पहिले निर्बंध आले ते पेट्रोलसाठी १९९१ मध्ये आणि डिझेलसाठी १९९२ मध्ये. २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलच्या धुराचा समावेश माणसात कर्करोग घडवणाऱ्या निश्चित कारणांमध्ये केला. जीपच्या मागच्या बाकावर बसून तालुक्याच्या शाळेत जाणाऱ्या मुलांच्या श्वासात हा धूर जात होता. तिकिटाचे दोन-तीन रुपये वाचले, त्याच्या दुसऱ्या बाजूला ही नोंद हवी.

तिसरी गोष्ट कायद्याची. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार नोंदणीच्या वेळच्या तपशिलात मनमानी बदल करता येत नाही. वेगळ्या इंधनाचे इंजिन बसवायचे तर नियमांच्या चौकटीत, परवानगी घेऊन आणि नोंदणी पुस्तिकेत नोंद करूनच. हे बंधन काहींना जाचक वाटते. पण ब्रेकचा पंप वगळलेल्या जीपमध्ये बसलेल्या प्रवाशाच्या दृष्टीने पाहिले, की त्यामागचे कारण कळते.

तरीही या मेस्त्रींचे श्रेय नाकारता येणार नाही. १९५६ मध्ये रोव्हरच्या अभियंत्यांपुढे जे प्रश्न होते, तेच त्यांच्यापुढे होते. उत्तरे त्यांनी लेथवर आणि वेल्डिंगच्या उजेडात शोधली. पण ती कागदावर आली नाहीत. कोणते रबर टिकले, कोणती प्लेट तडकली, कोणत्या गुणोत्तराला गाडी घाट चढली, हे ज्ञान माणसांबरोबर संपत चालले आहे. जुन्या गाड्यांमध्ये आता विजेच्या मोटरी बसवण्याचे प्रयोग होऊ लागले आहेत. तेथेही निर्वात, वजन, गिअरचे गुणोत्तर, शाफ्टवरचा पीळ हेच प्रश्न पुन्हा पुढे येतात. मोटर उभ्या जागेवरून पूर्ण टॉर्क देते, म्हणून शाफ्टचा प्रश्न तर अधिकच.

आपल्या शाळेच्या गावात एखादे जुने गॅरेज असेल, तर नववी-दहावीच्या मुलांना तेथे एक दिवस जरूर न्यावे. बरोबर वही, मोजपट्टी आणि चार-पाच प्रश्न असावेत: सिलिंडरचा व्यास किती, धाव किती, धुऱ्याचे गुणोत्तर किती, इंजिन बदलले तेव्हा आणखी काय काय बदलावे लागले? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मुलांनी मेस्त्रींच्या शब्दांत लिहून घ्यावे. ते उत्तर सहसा कोणत्याही पुस्तकात सापडत नाही.